घरान कोन हाय का?

मेलेल्या झाडाच्या खोडावर बोटांच्या पेरांनी टकटक करायची, आपण बंद दारावर करतो तशी, आणि विचारायचं, "घरान कोन हाय का?" मग कानातला कापूस काढून कान खोडाला लावायचा आणि डोळे मिटून थांबायचं. एवढं केल्याशिवाय मामांनी करवतीच्या मशीनची दोरी ओढलेली मी कधी पाहिली नाही.

मामा त्यांना सगळेच म्हणायचे. माझे ते नात्याचे कोणी नव्हते. शीळफाट्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, एक लाकडाची वखार आहे. तिथे मी लाकडं रचायचं काम करते. मामा ती तोडून आणायचे. वाळलेलीच. सालीवर नखाने ओरखडा काढायचे आणि खाली हिरवं दिसलं की म्हणायचे, "जिता हाय. चला घरी." मग टेम्पो रिकामा आला म्हणून वखारीचे शेठ कितीही ओरडोत.

आमचं लाकूड दोन ठिकाणी जातं. लग्नाच्या दिवसांत आसपासच्या गावांत हळदीच्या जेवणाला मोठ्या चुली पेटतात, तिथे. आणि बाकी वर्षभर स्मशानात. ढीग एकच. रचताना मला वाटायचं, हा ओंडका कुठे जाणार हे याला ठाऊक नाही, मलाही नाही. दोघंही आपले उन्हात पडून आहोत.

दुपारच्या वखारीत तुम्ही कधी बसला असाल तर तुम्हाला कळेल. चिंचेच्या भुशाचा आंबूस वास येतो. बाभळीचा वेगळा, करंजाचा वेगळा. पलीकडच्या नव्या टॉवरची सावली सकाळी आमच्या फाटकाशी असते आणि हळूहळू आत सरकत येते, एकेका ढिगावर बसत, जणू कोणीतरी मोजदाद करतंय. रस्त्यावरचे ट्रक लांबून ऐकू येतात, पण लाकडात अडकून तो आवाज मऊ होतो. अशा वेळी मामा जमिनीवर फतकल मारून करवतीच्या साखळीला कानस लावत बसायचे. एक दात, मग दुसरा दात. आवाज असा की झोप यावी.

मामांकडे दोन करवती होत्या. थोरली आणि धाकटी. दोन्ही परदेशी आणि मामांच्या तरुणपणातल्या. वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत मामा लाकडी खोकी बनवायच्या खात्यात होते. कंपनी बंद पडली तेव्हा या दोघी भंगारात निघाल्या होत्या, त्यांना मामांनी घरी आणलं. थोरलीचा नारिंगी रंग कधीच उडून गेला होता, नुसता धातू चमकायचा. ती एवढी जड की मी एकदा उचलायला गेले आणि तिथेच बसले. नव्या करवतीला तेल आपोआप मिळतं म्हणे. थोरलीला अंगठ्याने बटण दाबून दाबून तेल पाजावं लागायचं. मामांचा उजवा अंगठा त्यामुळे चपटा झाला होता. रिकामे बसले तरी तो अंगठा आपोआप हलायचा, बाळाला थोपटावं तसा.

धाकटी फार वर्षं चालत नव्हती. थोरलीचं काही बिघडलं की मामा धाकटीतून ते काढून थोरलीत बसवायचे. असं एकेक अंग देता देता धाकटीचं नुसतं कवच उरलं होतं. तरी मामा रोज दोघींना पुसायचे आणि मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवायचे.

मामी एकदा डबा घेऊन वखारीत आल्या होत्या. त्यांनी ते लुगडं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "बगलंस गो? एक नाय, दोन दोन सवती. मना कदी एवरा मायेनं पुसला नाय यानं."

मामा मान वर न करता म्हणाले, "त्या बोलत नाय, म्हनून पुसतंय."

"बोलत नाय? गाव उठवतंय तुजी थोरली!"

मामा मला 'मुके' म्हणायचे. "मुके, इकरं ये गो." मी फारशी बोलत नाही. चार माणसांत शब्द माझ्या घशाशी येतो आणि मागे फिरतो. दुसऱ्या कोणी असं हाक मारली असती तर मला लागलं असतं. मामा म्हणायचे तेव्हा वाटायचं, निदान यांना माहीत आहे, मग आता बोलायची जबरदस्ती नाही.

त्या टकटकीमुळे गमती पुष्कळ व्हायच्या. कोपरीत एका जुन्या इमारतीच्या आवारात शिरीष वाळला होता. पालिकेचा कागद आला होता, सगळे वाट बघत होते. मामांनी खोडावर टकटक केली. "घरान कोन हाय का?" तर मागच्या तळमजल्याच्या खिडकीतून एक आजोबा म्हणाले, "आहोत ना. कोण हवंय आपल्याला?" मामा एवढे दचकले की दोन पावलं मागे सरकले. झाड बोललं असंच त्यांना वाटलं. पुढे किती दिवस ते ही गोष्ट सांगायचे आणि सांगताना आजोबांचा आवाज काढायचे, अगदी शुद्ध.

पण त्याच झाडात पोपटांची पिल्लं निघाली. मामांनी वरच्या फांद्या काढल्या आणि ढोलीचं खोड तसंच उभं ठेवलं. म्हणाले, "भारेकरू हायत. पोरां उरली का येतंय." आणि पोरं उडाल्यावर खरंच गेले. कुठे घुबड निघायचं, कुठे खारी. एकदा धामण निघाली, तिला म्हणाले, "तू जा सावकाश, घाई नाय."

मग एका वर्षी मामांना मधमाश्या ऐकू येऊ लागल्या.

पहिल्यांदा डोंबिवलीच्या एका गुलमोहोरात. कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "माश्या हायत. भरलेला घर हाय. हात लावाचा नाय." टेम्पो परत आला. पुढच्या झाडात माश्या. त्याच्या पुढच्यातही. वाळकी चिंच, तिच्यात माश्या. शेठ आधी हसले. मग म्हणाले, "मामा, सगळ्या ठाण्या-कल्याणच्या माश्या तुमच्याच ओळखीच्या कशा? मध कुठाय? एक बाटली तरी आणा, मी पण खातो." मग हसायचे थांबले. दुसऱ्या एका माणसाला नवी, हलकी करवत घेऊन बोलवायचं त्यांच्या मनात आलं होतं. ते फोनवर बोलत होते तेव्हा मी जवळच रचत होते. मुक्या माणसासमोर लोक सगळं बोलतात.

आणि एके दुपारी मला ते कळलं.

वखारीत एक मोठा ओंडका आडवा पडला होता. आतून पूर्ण पोकळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी एका बाजूला वाकून आतली माती झाडत होते. पलीकडून टकटक ऐकू आली. "घरान कोन हाय का?" मी वाकून आत पाहिलं. गोल पोकळीत ऊन भरलं होतं, त्यात भुसा तरंगत होता, आणि दुसऱ्या टोकाला मामांचा कान. नुसता कान, पांढऱ्या केसांचा, आणि मिटलेला एक डोळा. आमच्या मध्ये काहीच नव्हतं. एक मुंगीसुद्धा नव्हती.

मामा हळूच म्हणाले, "हायत. बोलतान."

मी तशीच वाकून राहिले. इतकी वर्षं थोरली त्यांच्या कानाशी ओरडली होती. कापसाने काय अडणार? आता ती बंद असली तरी तिचा आवाज त्यांच्या कानात राहायला आला होता. माश्या झाडात नव्हत्या.

सांगायचं कोणी? मेलेलं झाड पडताना ओल्या झाडासारखं करकरत नाही. एकदा तडकतं, बारीक, वाळक्या शेंगेसारखं, आणि मग येतंच. तो तडका ऐकून मामा बाजूला व्हायचे. त्यांचं सगळं काम त्या एका आवाजावर उभं होतं. न सांगावं तर एक दिवस झाड त्यांच्या अंगावर येणार. सांगावं तर थोरली सुटणार, आणि थोरलीशिवाय मामा म्हणजे काय, हे मला डोळ्यापुढे आणता येईना.

वखारीमागे एक वाळका करंज होता. त्याच्या ढोलीत खरंच सातेरीच्या माश्या होत्या. जेवताना मी त्यांना जाता-येताना बघायचे. दुसऱ्या दिवशी मी मामांच्या बाहीला धरून त्यांना तिथे नेलं. माझा तळवा खोडावर ठेवला आणि त्यांना खुणेने सांगितलं, तुम्हीही ठेवा. त्यांनी ठेवला. खोड आतून थरथरत होतं, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखं. मामांचा चेहरा उजळला. "हायत ना! मी सांगत व्हतो ना!"

मग मी त्यांना त्या पोकळ ओंडक्याशी आणलं. तळवा ठेवायला लावला.

त्यांनी तळवा ठेवला. मग कान लावला. मग पुन्हा तळवा. बराच वेळ ते असंच करत राहिले. कान, तळवा, कान. टॉवरची सावली आमच्यावर आली.

"मंग मना आयकू येतान त्या कनच्या माश्या?"

मी माझ्या कानाला हात लावला.

मामा खाली बसले. आधी हसले. "म्हंजे आख्खा वरीस मी सोताच्याच घराचा दार वाजवतंय." मग हसू संपलं. अंगठा हलायला लागला. फार हळू म्हणाले, "शेठला सांगू नको गो. थोरली घेतील माजी."

मी सांगितलं नाही. त्याऐवजी मी टेम्पोतून त्यांच्याबरोबर जाऊ लागले. शेठना वाटलं फांद्या भरायला जाते. आमचं ठरलं होतं. मामा आधी तळव्याने झाड बघायचे. मी कान लावायचे आणि मान हलवायचे, हो किंवा नाही. मग मी त्यांना दिसेन अशी समोर, लांब उभी राहायचे. तडका ऐकला की पदर उंच करायचा. पदर वर, मशीन बंद, मामा बाजूला. बाकी वेळ मी नुसती ऐकत उभी असायचे. थोरलीचा आवाज एवढा मोठा की त्याच्या आत गेल्यावर शांत वाटायचं. निळा धूर उन्हात तरंगायचा, भुसा उडायचा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी एक बारीक तडका असायचा, तो मला शोधायचा असायचा. पाण्यात पडलेलं नाणं शोधावं तसा. मी तो चुकवला नाही कधी.

शेठना पुढे कळलंच. त्यांनी मामांना मागून हाक मारली, एकदा, दोनदा, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ते म्हणाले, "एक बहिरा, एक मुकी. काय जोडी जमलीय माझ्या वखारीत." पण त्यांनी थोरली काढून घेतली नाही. करवतवाल्या दुसऱ्या माणसाला पुन्हा फोनही केला नाही.

असं पुष्कळ दिवस चाललं. मग डोंबिवलीतलं ते सुबाभळीचं झाड आलं.

झाड वाकडं होतं, वारा होता. मामा खालच्या बाजूला वाकून कापत होते. तडका आला, फार लवकर आला, आणि खोडातून नाही, वरच्या जाड फांदीतून आला. मी पदर उंच केला. मामा बघत नव्हते, त्यांच्या डोळ्यांत भुसा गेला होता आणि ते बाहीने डोळे पुसत होते. मशीन हातात चालूच. मी ओरडले. "मामाऽऽ!" एवढा आवाज माझ्यात होता हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या इमारतीच्या गॅलरीत बायका बाहेर आल्या. फक्त मामांना ऐकू आला नाही.

मी धावले आणि त्यांच्या शर्टाला मागून धरून ओढलं. आम्ही दोघं पडलो. थोरली बाजूला पडून गुरगुरत बंद झाली. फांदी मामा उभे होते तिथे आली.

धूळ बसली. गॅलरीतली एक बाई वरून म्हणाली, "अहो, लागलं का हो?" मामा त्या फांदीकडे बघत होते. मग त्यांनी लुगडं मागितलं, थोरलीला पुसलं, गुंडाळलं, गाठ मारली. घट्ट मारली. टेम्पोत बसल्यावर मला म्हणाले, "तू वरडलीस?"

मी मान हलवली.

"लय जोरान?"

मी पुन्हा मान हलवली.

"परत वरड बगू एकदा. मना आयकाचा हाय." आणि आपला त्यातल्या त्यात चांगला कान त्यांनी माझ्या तोंडाजवळ आणला.

मला ओरडता आलं नाही. तोंड नुसतं उघडं राहिलं. मामा तसेच कान देऊन बसले होते, शीळ रोडच्या सिग्नलपर्यंत. मग सरळ झाले आणि म्हणाले, "जाव दे. आयकला."

त्यानंतर थोरली लुगड्यातून बाहेर निघाली नाही.

मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी जायचे. चारी बाजूंनी इमारती आणि मध्ये त्यांचं कौलारू घर. अंगणात एक आंबा होता, मामांच्या आईने लावलेला. पलीकडे मातीचा भराव पडला तसा तो वाळत गेला. मामा त्याच्या बुंध्याशी खुर्ची टाकून बसायचे. त्यांच्या मुलाला काळजी होती. तो भला माणूस, नोकरीवर जाताना रोज वर बघायचा. वाळक्या फांद्या घराच्या कौलांवर आल्या होत्या. पण मामा तळवा न ठेवता नुसता कान लावून म्हणायचे, "माश्या हायत आत. भारेकरूंना बाहेर कारतान का असा?"

एका रविवारी मुलगा मला म्हणाला, "ताई, तुम्हीच बघा. तुम्ही सांगाल ते बाबा ऐकतील. नसतील माश्या तर मी माणूस बोलावतो."

मी झाडाशी गेले. तळवा ठेवला. कान लावला. झाड थंड होतं आणि आत कोणी नव्हतं, अगदी कोणी नव्हतं. मी इतक्या झाडांवर मान हलवली होती, एकदाही खोटी नाही. मामा खुर्चीतून माझ्या तोंडाकडे बघत होते. मामी दारात, तांदूळ निवडता निवडता हात थांबवून.

"आहेत," मी म्हणाले.

"किती?"

"घर भरलंय, मामा."

मामा मुलाकडे वळून बघायला लागले, बघ म्हणून. मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं, मला दिसलं की त्याला कळलं. तो चपलेने थोडी माती सारखी करत राहिला. मग म्हणाला, "बरं. राहू दे मग." त्याने स्वतः शिडी लावून कौलांवरच्या तेवढ्या फांद्या हातकरवतीने काढल्या. बाकी झाड उभं राहिलं. मामा त्याला टेकून बसायचे, डोळे मिटून, आणि त्यांच्या तोंडावर असं काही असायचं की लांब कुठेतरी गाणं चाललंय आणि ते त्यांना एकट्यालाच येतंय.

ते गेले ते तिथेच, त्या खुर्चीत, सकाळच्या उन्हात. मामी चहा घेऊन आल्या आणि त्यांना वाटलं, हे झाडाचं ऐकतायत. म्हणून त्या थोडा वेळ कपबशी घेऊन तशाच उभ्या राहिल्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

वखारीतून लाकूड गेलं. ते मी निवडलं. एकेका ओंडक्यावर टकटक करून.

मामांच्या नातीच्या लग्नाच्या आधी त्यांचा मुलगा वखारीत आला. हळदीच्या जेवणासाठी अंगणात मांडव घालायचा होता आणि झाड आता खरंच धोक्याचं झालं होतं. "ताई, तुम्ही या. बाबांची पद्धत होती ना. तसंच करू." त्याने थोरली बाहेर काढली होती. लुगड्याची गाठ त्याला सुटेना, मामींनी ती सोडली. "ये गो सवती," म्हणाल्या, आणि पदराने तिला पुसलं.

मी झाडापुढे गेले. टकटक केली. अंगणात माणसं होती, मांडववाले होते, पाहुण्या बायका होत्या. मी विचारलं, "घरान कोन हाय का?" माझा आवाज मला ऐकू आला. सगळ्यांना ऐकू आला. मग मी तळवा ठेवला, आणि थांबले, आणि या वेळी खरं तेच सांगितलं. "कोणी नाही."

थोरली सुरू होईना. मुलगा दोरी ओढून घामाघूम झाला. मी जवळ जाऊन त्याला सांगितलं, तिला थोडी आडवी करा, अंगठ्याने आधी तेल पाजा, आणि घाई करू नका. ती खोकली, धूर सोडला आणि बोलायला लागली. मी समोर जाऊन उभी राहिले, पदर हातात धरून. तडका आला. पदर वर केला. मुलगा बाजूला झाला. आंबा अंगणात आडवा झाला, कौलांना न शिवता, जिथे मांडवाची जागा होती तिथे.

नंतर सगळे जेवायला गेले. मुलाने थोरलीला लुगड्यात गुंडाळून आत नेलं. मी बुंध्यावर बसले. ऊन होतं. भुसा अजून हवेत होता, हळूहळू खाली येत होता. आवाज थांबून बराच वेळ झाला होता, तरी मला गुणगुण ऐकू येत होती. बारीक, दाट, एकसारखी. मी बुंध्यावर तळवा ठेवला. काही नाही. उठून आडव्या खोडावर ठेवला. तिथेही काही नाही.

मग मी पुन्हा बसले. डोळे मिटले आणि हात स्वतःच्या कानावर ठेवला.

घर भरलेलं होतं.